'त होते' दिसलं की आयएनजी? कोणी सांगितलं?

आमच्या इंदूरच्या घरच्या ग्रुपवर दादाने परवा एक मेसेज ढकलला: 'तीन सेकंदांत टेन्स ओळखा.' सातवीतल्या भाचीने तो लगेच वहीत उतरवला आणि आजोबांवरचा निबंध घेऊन माझ्याकडे आली. 'ही वॉज लिव्हिंग इन रामबाग फॉर फॉर्टी इयर्स. ही वॉज नोइंग एव्हरीबडी.' अर्ध्या पानात आठ आयएनजी!

मेसेजचा पहिला दावा: शेवटी 'त होता, त होती, त होते' आलं की डोळे मिटून वॉज-वेअर आणि आयएनजी. हे कुठून उचललंय ते इथल्या कोणालाही कळेल. ट्यूशनांत 'रहा था, रही थी, रहे थे' घोकून घेतात, त्याचं हे मराठी. अहो, पण हिंदीत 'जा रहा था' वेगळं, 'जाता था' वेगळं. आपलं 'जात होतो' दोन्हीकडे चालतं. 'मी जात होतो, तेवढ्यात टायर पंक्चर झाला', इथे वॉज गोइंग. 'लहानपणी मी सायकलने शाळेत जात होतो', ही सवय. तिथे वेंट, नाहीतर यूज्ड टू गो. 'जात होतो' काढून 'जायचो' घालून बघा. बसलं, तर सहसा आयएनजी नको.

आणि 'ओळखत होते'चं काय? त्यातही 'त होते' आहेच की! नो, वाँट, बिलीव्ह ही क्रियापदं सहसा आयएनजीच्या वाटेला जात नाहीत. रेमंड मर्फीच्या व्याकरणात पास्ट कंटिन्युअसच्याच धड्यात नो आणि वाँटबद्दल हे लिहिलंय. दादाच्या कपाटात ते पुस्तक आहे. धूळ खातंय.

दुसरा दावा, लांबलचक क्रिया म्हणजे कंटिन्युअस. अहिल्याबाईंनी 1767 ते 1795, म्हणजे 28 वर्षं राज्य केलं. इंग्रजीत रूल्डच. क्रिया चालू असताना आपण मध्येच डोकावतोय की अख्खी सांगून मोकळे होतोय, एवढंच बघायचं.

'व्हाइल आला की आयएनजी' हे बहुतेक वेळा जमतं, घ्या. पण 'व्हेन आला की सिंपल' नाही. व्हेन द गेस्ट्स केम, शी वॉज मेकिंग पोहे: पाहुणे दारात आणि पोहे आधीच वाफेवर. शी मेड पोहे: पाहुणे बसले, मग पोहे भिजवले.

शेवटचा तर कहर. शंका आली तर आयएनजी लावा, सभ्य वाटतं म्हणे! 'आय वॉज वंडरिंग' म्हटलं की विनंती मऊ होते, कबूल. 'आय वॉज हॅविंग टू ब्रदर्स' यात कसली आलीय सभ्यता?

भाचीने सात आयएनजी खोडले. आठव्यावर खोडरबर थांबला: 'ही वॉज रीडिंग द पेपर व्हेन आय केम होम.'

"आत्या, हेही?"

"ते राहू दे गं."