‘भाऊबंदकी’ हा शब्द मी का सोडत नाही

नमस्कार. चौथ्या क्रुसेडवरच्या, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्ती सैन्याच्या चौथ्या धर्मयुद्धावरच्या, माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल हिच्या लुटीचं खापर तिथल्या अँजेलोस राजघराण्यावर फोडून मी व्हेनिसला मोकळं सोडलं. दुसरा, ‘भाऊबंदकी’ हा आपल्या वतनदारीतला शब्द तिथे लागूच होत नाही.

पहिला आक्षेप मान्य. एप्रिल १२०४ मध्ये तीन दिवस ते शहर लुटलं गेलं, देवळांतल्या चांदीसकट, आणि मी त्याला एक ओळ दिली. ख्रिस्ती शहरांवर चाल करू नका असं पोप इनोसंट तिसरा याने बजावलं होतं; तरी १२०२ मध्ये झारा हे ख्रिस्ती शहर पडलं ते याच सैन्याच्या हातून. व्हेनिसचा प्रमुख दांदोलो वृद्ध होता, आंधळा होता, पण आपण काय करतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. लुटणाऱ्याचा दोष लुटणाऱ्याचाच.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. थोरल्या मुलाला गादी असा कायदा तिथे नव्हता, सैन्य, सिनेट आणि प्रजा यांच्या जयघोषाने सम्राट ठरायचा, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण १०८१ पासून कोम्नेनोस सम्राटांनी मोठाले किताब आणि सेनापतिपदं सोयऱ्याधायऱ्यांतच वाटली. परिणामी गादीवर डोळा ठेवणारा माणूस बहुधा घरातलाच निघू लागला. ११९५ मध्ये अँजेलोस घराण्यातल्या तिसऱ्या अलेक्सिओसने सख्ख्या भावाचे, दुसऱ्या इसाकचे, डोळे काढले. अंगात व्यंग असलेला माणूस गादीवर बसू शकत नाही हा तिथला संकेत. म्हणून सूड उगवण्यापेक्षाही भावाला कायमचं अपात्र ठरवणं हा त्यामागचा हेतू. याला दुसरा कुठला शब्द वापरू?

पुढचं सगळं त्या डोळ्यांपासून सुरू होतं. इसाकचा मुलगा, तोही अलेक्सिओस, १२०१ मध्ये निसटून जर्मनीत बहिणीच्या नवऱ्याकडे, स्वाबियाच्या फिलिपकडे पोचला. इकडे क्रुसेडवाले कर्जात बुडालेले. ३३,५०० माणसं जहाजांतून नेण्यासाठी व्हेनिसशी ८५,००० मार्कांचा (मार्क म्हणजे चांदीचं वजन) करार केला, माणसं आली त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि ३४,००० मार्क थकले. गादी मिळवून दिलीत तर, असं म्हणून या पोराने त्यांना २,००,००० मार्क, १०,००० सैनिक आणि पूर्वेचं चर्च पोपच्या पायाशी आणून द्यायचं कबूल केलं. तेवढा पैसा खजिन्यात नव्हताच. १२०३ मध्ये काका पळाला, तो संकेत मोडून आंधळा बाप पुन्हा गादीवर बसला, मुलगा सहसम्राट झाला आणि वायदा पुरा करायला चर्चमधल्या पवित्र चित्रांवरचं सोनंचांदी वितळवू लागला. लोक चिडले, तटाबाहेरचे येणेकरीही चिडले. १२०४ च्या सुरुवातीला अलेक्सिओस डुकास या दरबाऱ्याने त्या मुलाचा गळा आवळला. मग वसुलीसाठी कुणी उरलंच नाही, उरलं ते शहर.

व्हेनिसच्या जहाजांना बॉस्फरसची वाट नवी नव्हती. पण आत घेऊन जायला गादीचा वारस सोबत नसता, तर ‘आम्ही न्याय मिळवून द्यायला आलोय’ असं त्यांना म्हणता आलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे. लुटीवरचा परिच्छेद या आठवड्यात वाढवतो. शीर्षक तेच ठेवतोय.