होय, मी आओमोरीलाच चढलो होतो, पण…

ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवारी, जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला, आओमोरी प्रांतातल्या एका बसमध्ये, पांढरेशुभ्र हातमोजे घातलेल्या चालकाने माझ्यापुढे मान लववून क्षमा मागितली आणि मान वर करण्यापूर्वीच माझ्याकडून सुमारे दोन हजार येन जास्तीचे घेतले. रक्कम फार नाही. त्या पैशांत दोन वाडगी रामेन आली असती, एवढेच. परंतु ती दोन वाडगी गेले दहा दिवस माझ्या घशाखाली उतरलेली नाहीत, आणि पत्नीने घरात हा विषय काढण्यास मज्जाव केला असल्यामुळे लिहिण्यावाचून मला गत्यंतर उरलेले नाही.

मी टोकियोच्या निशी-कासाई भागात सहा वर्षे राहतो. येथे शरद ऋतू आला की कचेरीतले सहकारी, आपल्याकडे ‘अजून लग्न नाही?’ असे ज्या सुरात विचारतात त्या सुरात, ‘ओइरासेच्या खोऱ्यातली पाने अजून पाहिली नाहीत?’ असे विचारू लागतात. पाने पाहण्याच्या या उद्योगाला जपानीत ‘मोमिजीगारी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः मेपलच्या लाल पानांची शिकार. शिकारी बुटांपासून टोपीपर्यंत सज्ज होऊन निघतात, तिकाटणी रोवून तास तास दबा धरतात, आणि सावज मात्र जागचे हलत नाही. यंदा मीही शिंकान्सेनने तीन तासांवर प्रवास करून आओमोरी गाठले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोवादा सरोवराकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत उभा राहिलो.

माझ्यापुढे पंचाहत्तरीच्या आसपासचे, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळलेले एक आजोबा होते. त्यांनी मागे वळून माझा पिवळा रेनकोट खालपासून वरपर्यंत न्याहाळला आणि विचारले, ‘‘दोसा?’’

भारतीय माणूस दिसला की ‘करी’ म्हणणारे जपानी मला सवयीचे आहेत. त्यांना मी हसून दाखवतो. पण थेट डोशापर्यंत पोहोचलेला हा पहिलाच. मला गहिवरून आले. मी पाठ्यपुस्तकातल्या शुद्ध जपानीत त्यांना सांगितले, ‘‘आवडतो, पण आमच्या घरी फारसा होत नाही. आम्ही कोकणातले, आमच्याकडे घावन असते. तेही तांदळाचेच, पण त्याचे पीठ आंबवत नाहीत.’’ आजोबांनी हे अत्यंत गांभीर्याने ऐकून घेतले, थोडा विचार केला, आणि स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘युसा.’’ हा त्यांच्याकडचा तसलाच काही पदार्थ असावा, असे समजून ‘‘कधीतरी जरूर खाईन,’’ असे मी म्हणालो.

रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला हसू आवरेना. तिने मला समजावले की त्सुगारूच्या, म्हणजे आओमोरीच्या पश्चिम भागाच्या, बोलीत ‘दोसा’ म्हणजे ‘कुठे निघालात?’ आणि ‘युसा’ म्हणजे ‘गरम पाण्याच्या अंघोळीला’. जपानमधला सर्वांत छोटा संवाद म्हणून हा प्रसिद्ध आहे. येथे थंडी एवढी की बोलण्यासाठी तोंड कमीत कमी उघडावे लागावे म्हणून भाषाच अशी आखडून गेली, असे म्हणतात. कुठे निघालात, या प्रश्नाला मी घावनाची पाककृती सांगितली होती. हे प्रकरण तेथेच संपले असते तर ते मी हसत हसत चारचौघांत सांगत फिरलो असतो.

बस हाक्कोदा पर्वत चढून सुकायूला थांबली. २०१३ च्या फेब्रुवारीत येथे ५६६ सेंटिमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे. येथले आंबट पाण्याचे, हिबाच्या लाकडाचे ‘हजार माणसांचे स्नानगृह’ प्रसिद्ध असून आजोबा त्यासाठीच टॉवेल सावरत उतरले. मी पुढे ओइरासेच्या काठी इशिगेदोला उतरलो. उतरताना चिठ्ठी आणि मोजून पैसे पेटीत टाकले. हे वाक्य वाचकांनी कृपया लक्षात ठेवावे.

या चिठ्ठीविषयी सांगणे भाग आहे. ग्रामीण जपानमधल्या बसमध्ये वाहक नसतो. चढताना दारापाशी असलेल्या यंत्रातून बोटभर चिठ्ठी घ्यायची. तिच्यावर तुमच्या थांब्याचा क्रमांक असतो. चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर प्रत्येक क्रमांकाखालचा आकडा, बस पुढे जाईल तसा, रिक्षाच्या मीटरसारखा वाढत जातो, आणि उतरताना तेवढे पैसे चिठ्ठीसह पेटीत टाकायचे. चिठ्ठी नसली, तर तुम्ही अगदी पहिल्या थांब्यापासून बसला आहात असे धरले जाते. माझ्या लहानपणी चिपळूण-गुहागर एसटीच्या वाहकाला कोण कोठे चढले हे तोंडपाठ असे. खच्चून भरलेल्या गाडीत ‘‘मोडकाआगरला चढलेल्या, तिकीट घेतलंस का रे?’’ अशी आरोळी थेट माझ्या कानशिलावर येऊन आदळत असे. त्या आरोळीला मी तेव्हा घाबरत होतो. तिची किंमत आता कळते.

ओइरासे सुंदर आहे, हे मान्य करणे माझ्या आजच्या मनःस्थितीत अवघड असले तरी खरे आहे. सरोवरातून निघून चौदा किलोमीटर वाहणारा हा प्रवाह आणि त्याच्यावर बीच नि कात्सुरा वृक्षांचा पिवळाधमक मांडव. इशिगेदो म्हणजे दगडी झोपडी. येथे एक लावण्यवती दरोडेखोर राहत असे, आजारपणाचे सोंग करून ती वाटसरूच्या पाठीवर बसून प्रवाह ओलांडी आणि मध्यावर त्याच्या पाठीत सुरा खुपसून त्याला लुटी, अशी दंतकथा आहे. तिने निदान क्षमा मागितल्याचा उल्लेख नाही. पुढे प्रवाह जेथे खडकांवरून उसळतो त्या जागेचे नाव ‘आशुरा नो नागारे’. हा ‘आशुरा’ म्हणजे आपला असुर, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे येथवर आलेला. एवढ्या दूर आपल्याकडचे कोणी भेटल्याचा आनंद मी व्यक्त करीत होतो, तोच तिकाटणीमागच्या एका शिकाऱ्याने माझा पिवळा रेनकोट चित्रात येत असल्याची नम्र जाणीव करून दिली. आजूबाजूला लाखो पिवळी पाने होती. नेमका माझाच पिवळा त्याला खुपला.

मग पाऊस आला. कुमोइच्या धबधब्यापाशी माझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि मी थांब्यावर गेलो. आलेली बस इतकी गच्च होती की दाराच्या पायरीवरही माणसे उभी होती आणि त्यांच्या ओल्या छत्र्यांआड ते यंत्र मला दिसलेच नाही. नेनोकुचीला, सरोवराच्या काठी, बोट पकडण्यासाठी मी उतरू लागलो, तेव्हा चालकाने विचारले, ‘‘चिठ्ठी?’’

‘‘मिळाली नाही. मी कुमोइच्या धबधब्यापाशी चढलो.’’

चालकाला ते पटले असावे. पण पटणे आणि नियम यांची जपानमध्ये गाठ पडत नाही. त्याने ध्वनिक्षेपक तोंडाशी धरला आणि, फक्त ग्राहकांसाठी राखून ठेवलेल्या परम आदरार्थी जपानीत, या महोदयांना चढताना कोणी पाहण्याची कृपा केली आहे काय, असे साऱ्या बसला विचारले. पन्नासेक माणसे एकाच वेळी खिडकीबाहेरची पाने पाहू लागली. माझ्याबरोबर चढलेले सहा-सात जणही पाने पाहू लागले. तेवढ्यात मागच्या एका रांगेतून एक हात वर आला आणि त्यामागोमाग टॉवेल दिसला.

आंबट पाण्यात तासन्‌तास मुरून आजोबांचा चेहरा रातांब्यासारखा झाला होता. त्यांनी उभे राहून खणखणीत आवाजात साक्ष दिली. ती संपूर्ण त्सुगारूत होती आणि मला तिच्यातले ‘आओमोरी’ आणि ‘दोसा’ हे दोनच शब्द कळले. बस मात्र दोनदा मनापासून हसली. चालक स्थानिक होता; त्याने माझ्यासाठी प्रमाण जपानीत सार सांगितले: ‘‘हे गृहस्थ म्हणतात की, सकाळी आओमोरीला आपण त्यांच्या मागे रांगेत होता आणि त्यांच्यापाठोपाठ बसमध्ये चढलात. रेनकोट हाच होता. शिवाय आपल्या घरी तांदळाचे पीठ आंबवत नाहीत.’’

‘‘हे सगळे खरे आहे,’’ मी म्हणालो. तेथेच घोटाळा झाला. ‘‘पण ती सकाळची बस होती! मी इशिगेदोला उतरलो, पैसे दिले, चाललो, पुन्हा चढलो.’’

चालकाने आजोबांना विचारले, ‘‘आपण यांना उतरताना पाहिलेत काय?’’ आजोबांनी डोळे मिटून प्रामाणिकपणे आठवून पाहिले. नाही, ते म्हणाले, तेव्हा मी पाण्यात होतो. आणि मग पाणी कसे होते, हेही त्यांनी सविस्तर सांगितले.

‘‘पाहा!’’ मी जवळजवळ ओरडलोच. ‘‘म्हणजे तेही सकाळच्या बसमधून उतरले आणि या बसमध्ये नव्याने चढले! माझ्या बाबतीत हेच झाले आहे!’’

‘‘अगदी बरोबर,’’ चालक अतीव दुःखाने म्हणाला. ‘‘पण त्यांच्याकडे चिठ्ठी आहे.’’ आजोबांनी ती दोन बोटांत धरून सर्वांना दिसेल अशी उंच केली.

मी पैसे भरले. नाणी पेटीत पडण्याचा आवाज पन्नास जणांनी शांतपणे ऐकला. खरा राग आजोबांवर नाही. इतका सत्यवचनी साक्षीदार मी कोर्टातही पाहिलेला नाही. राग याचा आहे की दर शरद ऋतूत या खोऱ्याची भलीमोठी चित्रे रेल्वे स्थानकांत लावून जगाला हाका मारायच्या, आलेल्या जगाला अपुऱ्या बसमध्ये कोंबायचे, आणि छत्र्यांआड दडलेल्या डबीतला कागदाचा तुकडा न दिसल्याबद्दल मात्र दंड पाहुण्याने भरायचा. क्षमा मागितली की हिशेब मिटला, अशी येथील समजूत आहे. मला क्षमा नको होती. मला वाहक हवा होता.

या वादात बोट डोळ्यांदेखत सुटली. आणखी एक गोष्ट बस निघून गेल्यावर ध्यानात आली: आओमोरीपासूनचे भाडे भरलेच होते, तर तसाच बसून राहून थोडे पैसे वर टाकून सरोवरापलीकडच्या यासुमियापर्यंत गेलो असतो. आता तेथे जायचे तर नव्या बसचे नवे भाडे. धक्क्याजवळ मिठात भाजलेला हिमेमासु मासा घेऊन बसलो. या सरोवरात पूर्वी मासे नव्हते. वाटेतला धबधबा त्यांना वर येऊ देत नसे. वाइनाइ सादायुकी नावाच्या माणसाने सगळा पैसा घालवून १९०३ साली येथे हिमेमासुची पिल्ले सोडली आणि ती मोठी होऊन परत येईपर्यंत, १९०५ पर्यंत, तो काठावर वाट पाहत राहिला. माझ्या दोन हजारांची तशी वाट पाहण्यात अर्थ नव्हता. आणि माशांचे तरी बरे आहे. त्यांना कोठे चढलात, असे कोणी विचारीत नाही.

पुढची बस तासाभराने आली. ती जवळजवळ रिकामी होती. मी दारातल्या यंत्रातून चिठ्ठी ओढली, क्रमांक मोठ्याने वाचला, आणि ओल्या हातात तो पुसला जाईल या भीतीने आणखी एक ओढली.

‘‘ग्राहक महोदय,’’ ध्वनिक्षेपकावर आवाज आला, ‘‘क्षमा असावी, परंतु माणशी एकच.’’