उमराहचं बजेट? छे, हिशोब करायचाच नसतो!

उमराहला, म्हणजे हजच्या दिवसांखेरीज एरवी करतात त्या मक्केच्या यात्रेला, जायचं ठरलंय? मुबारक हो. मग पहिल्यांदा घरातलं कॅल्क्युलेटर उचला आणि तांदळाच्या पिंपात खोल पुरून ठेवा. गेल्या हिवाळ्यात मी अम्मीला आणि खालाला (मावशीला) घेऊन जाऊन आलो, पंधरा दिवसांचं पॅकेज, माणशी ९५ हजार, 'सब कुछ इन्क्लूडेड', आणि परत येऊन हिशोब लावत बसलो ही माझी चूक. ती तुमच्या हातून होऊ नये एवढ्यासाठीच हे लिहितोय.

एजंट निवडताना लायसन वगैरे बघायचं नाही, ऑफिसची भिंत बघायची. काबाशरीफचा मोठा फोटो, टेबलावर खजुराची बशी आणि दर वाक्याला इन्शाअल्लाह असलं की ऍडव्हान्स देऊन मोकळं व्हायचं. हॉटेलचं नाव काय? 'अच्छाच होगा इन्शाअल्लाह.' फ्लाइट डायरेक्ट आहे ना? 'इन्शाअल्लाह.' आमचे अब्बा 'यंदा सायकल घेऊ इन्शाअल्लाह' म्हणायचे तेव्हा मला सहाव्या वर्षी कळायचं की यंदाही सायकल नाही, पण एवढं वय झाल्यावर एजंटपुढे ती अक्कल कुठे गेली माहीत नाही.

फ्लाइट अर्थातच डायरेक्ट नव्हती. मुंबईहून जेद्दा साधारण साडेपाच तास, आम्ही मध्ये एका आखाती विमानतळावर नऊ तास बसलो. मीकात (एहरामशिवाय ओलांडायची नाही ती हद्द) विमानात असतानाच येतो, तेव्हा एहराम मुंबईतच बांधून घ्या असं सांगितलेलं, म्हणजे आम्ही पुरुषमंडळी दोन न शिवलेल्या पांढऱ्या चादरींत, डोकं उघडं, आणि वर तो एसी. तिथला चहा ज्या भावाने प्यायलो त्यात आमच्याकडे पाव किलो सुकट येते. चहा पॅकेजमध्ये नव्हता.

रियाल एजंटकडूनच घ्या. म्हणजे काय आहे, सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरचे ३.७५ रियाल, त्यात फरक पडत नाही. मोबाइलवर डॉलरचा भाव बघायचा, ३.७५ ने भागायचं, रियालचा भाव हातात. चौथीतल्या पोराला जमेल. पण तुम्ही असं काही करू नका. एजंट सांगेल तो दर, वर 'तुमच्यासाठी म्हणून'.

सिमकार्ड पहाटे तीनला एअरपोर्टवरच घ्यायचं, तेव्हा घासाघीस करायला डोकं चालत नाही, तेवढाच वेळ वाचतो.

मक्का ते मदिना ट्रेन आहे, २०१८ पासून, ताशी ३०० किलोमीटरने जाते आणि ब्रोशरवर तिचा फार सुंदर फोटो असतो. आम्ही बसने गेलो.

आता हॉटेल. इथे जरा सावकाश वाचा. पॅकेजच्या कागदावर लिहिलेलं असतं, 'हरमपासून ५०० मीटर', हरम म्हणजे काबा असलेली मोठी मशीद. हे वाचून अम्मीने, वय ६८, दोन्ही गुडघे गेलेले, मला विचारलं, पाचशे मीटर म्हणजे आपल्या घरापासून एसटी स्टँड ना रे? मी म्हटलं हो, तेवढंच. मक्केत उतरलो, मिसफला वस्तीच्या मागच्या अंगाला एक गल्ली, गल्लीत चढ, चढावर हॉटेल. हरमला लागून असलेला क्लॉक टॉवर दिसत होता हे खरं, पण तो ६०१ मीटर उंच आहे हो, तो कुठूनही दिसतो! फोनवर मोजलं तर मशिदीच्या अंगणापर्यंत १.४ किलोमीटर. जाऊन-येऊन २.८. पाच वक्तांच्या नमाजांना गुणा, १४ किलोमीटर, आणि यात तवाफचे, म्हणजे काबाभोवतीचे, सात फेरे धरलेले नाहीत, सफा-मरवा टेकड्यांमधली सई, म्हणजे सात खेपा, धरलेली नाही, ती एकटीच तीन किलोमीटरच्या आसपास जाते. ग्रुप लीडरला विचारलं की पाचशे मीटर कुठून मोजले, तर म्हणतो, भाईसाब, हरमच्या हद्दीपासून. मी गप्पच झालो, कारण हरम म्हणजे मशिदीभोवतीचा सगळा पवित्र इलाखा धरला तर त्याची हद्द तनईमला मस्जिद-ए-आयेशापर्यंत जाते, म्हणजे सात-आठ किलोमीटर, त्या हिशोबाने आमचं हॉटेल हरमच्या आतच होतं, उलट आम्हीच त्यांचे पैसे देणं लागत होतो. शटल बस होती ना, होती, तीही कागदावर होती, पण जुम्म्याला गर्दी म्हणून बंद आणि बाकीच्या दिवशी ड्रायव्हर फोन उचलत नाही म्हणून बंद. टॅक्सीवाला जाताना दहा रियाल मागायचा आणि नमाज सुटली की चाळीस. चौथ्या दिवशी अम्मी म्हणाली, मी फजर आणि इशा (पहाटेची आणि रात्रीची) हरममध्ये पढते, बाकीच्या रूमवर पढते, तुला त्रास नको. मला त्रास नको! जिने बावीस वर्षं पोस्टात आरडी भरली आणि वर दोन बांगड्या मोडल्या ती बाई मक्केत जाऊन खोलीत नमाज पढते, आणि खोलीत बेड पाच, बाथरूम एक, बाकीच्या तिघी अनोळखी, आणि का, तर कोणीतरी कागदावर १४०० च्या जागी ५०० लिहिलं.

असो. सल्ला असा की फोनमधला नकाशा उघडू नका, मनस्ताप होतो.

व्हीलचेअरचंही तेच. हरममध्ये फुकट व्हीलचेअर मिळतात, साधं तिथल्या माणसाला विचारलं तरी कळतं. पण तुम्ही ग्रुप लीडरच्या 'ओळखीच्या पोराला' अडीचशे रियाल द्यायचे, आम्ही दिले. मदिन्यात रौज्यावर, म्हणजे पैगंबरांच्या कबरीजवळच्या जागेत, जायला सौदी सरकारच्या नुसुक ऍपवर परमिट काढावं लागतं, तेही फुकट, माणशी पन्नास रियाल 'अपॉइंटमेंट चार्ज' मात्र वेगळा. पोराने माझ्यासमोरच ऍप उघडलं, चार वेळा बोट लावलं, दीडशे रियाल. माझ्या ऑफिसात कोणाला बोटाचा एवढा भाव मिळत नाही.

टॅक्सचा विषय काढूच नका, लोक तुम्हाला वाया गेलेला समजतील. आमच्याकडून पाच टक्के जीएसटी आणि पाच टक्के टीसीएस (एजंटने सरकारसाठी आधीच गोळा करायचा आयकर) घेतला, तिघांचे मिळून २८,५००, रोख. आता टीसीएस हा काही गेलेला पैसा नसतो, तो तुमच्या पॅनवर जमा होतो, फॉर्म २६एएसमध्ये दिसतो आणि रिटर्न भरलं की करात वळता होतो नाहीतर परत मिळतो. फक्त त्यासाठी पॅन नंबर लागतो. आमचा पॅन कोणी विचारलाच नाही! मी तीन महिने २६एएस उघडतोय, तिथे मला माझ्या पगाराशिवाय काही दिसत नाही, अम्मीच्या पानावर तर वाळवंट.

भेटवस्तूंचं बजेट लावू नका, यादी आपोआप येते. निघायच्या आधी दुआसाठी सलाम सांगायला माणसं येतात, सलाम सांगतात आणि जाता जाता म्हणतात, 'काही आणू नकोस हं, फक्त एक जानमाज, आणि अजवा खजूर, थोडाच, आणि अत्तर चालेल.' असे साठ जण. त्या साठ जणांची निरोपाची दावत तुम्हीच द्यायची, मटणाचा भाव तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या काकूंनी मात्र 'तुमचं ते तीर्थ घोटभर आण' एवढंच सांगितलं, मला सगळ्यात सोपी मागणी तीच वाटली. ते म्हणजे जमजमचं पाणी, त्याचा पाच लिटरचा सीलबंद खोका एअरपोर्टला मिळतो. बॅगेत बाटल्या लपवून आणू नका, चेक-इनमध्ये बंदी आहे, जेद्दाला बॅगा उघडून काढतात, आमच्या ग्रुपमधल्या एका मामूंच्या लुंग्यांसकट काढल्या.

आणि हे सगळं होत असताना, व्हीलचेअरला, टॅक्सीला, परमिटला, प्रत्येक वेळी एकच वाक्य ऐकायला मिळतं: 'अल्लाह के घर आए हो, हिसाब क्या करते हो?' मान खाली घाला आणि पाकीट काढा.

माझे दादा, म्हणजे आजोबा, गेले होते बोटीने. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजींच्या बोटी सुटायच्या, तेव्हाचे. त्यांची वही अजून घरात आहे. तांदूळ किती, सुकी मासळी किती, जेद्दात हमालाला किती, कोणाकडून उसने घेतले आणि कधी फेडले, सगळं मोडीसारख्या वाकड्या अक्षरात. निघायच्या आधी प्रत्येकाचं देणं चुकवलं होतं त्यांनी, त्याशिवाय पाऊल उचलायचं नाही असं मानायचे. त्यांना कोणी 'हिसाब क्या करते हो' म्हटलं असतं तर दादांनी वहीच तोंडावर मारली असती.

कुराणातली सगळ्यात लांब आयत कशावर आहे माहीत आहे? सूरह बकरा, आयत २८२. नमाजवर नाही, रोज्यावर नाही, हजवरही नाही. मुदतीचा व्यवहार कराल तर लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, छोटा असो वा मोठा, लिहायचा कंटाळा करू नका, यावर आहे. आज पूर्ण पैसे आणि तीन महिन्यांनी हॉटेल, ही उधारी नाही तर काय आहे? आणि हजसुद्धा ज्याची ऐपत आहे त्याच्यावरच फर्ज आहे. मग ऐपत कशी कळणार, हिशोब न करता?

आता खरं सांगतो, एजंटपेक्षा माझा राग तुमच्यावर जास्त आहे. आमच्या ग्रुपमध्ये ४३ माणसं होती. रात्री जेवताना, त्याच पिवळ्या डाळीवर, सगळे कुजबुजायचे, आणि सकाळी लीडर समोर आला की सगळे 'माशाअल्लाह बढिया इंतजाम है'. मी पावती मागितली तेव्हा एक रिटायर्ड मास्तर मला म्हणाले, 'बेटा, सबर कर, सवाब (पुण्य) कमी होईल.' मास्तर, आयुष्यभर तुम्ही पोरांना हिशोब चुकला म्हणून छड्या मारल्या ना? गावी आल्यावर तुम्हीच हार घालून घेतलेत आणि तुम्हीच पुतण्याला त्याच एजंटचा नंबर दिलात. तुम्ही बोलला नाहीत म्हणून पुढच्या ग्रुपमधली कोणाची तरी अम्मी खोलीत नमाज पढणार आहे, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, तरी दिलात. हॉटेलचं नाव लिहून घ्या. नकाशावर स्वतः मोजा. बँकेतून पैसे द्या, पॅन द्या, जीएसटी नंबर असलेलं बिल घ्या. यात कसला आलाय ईमानचा प्रश्न? लाज वाटायची तर पैसे घेणाऱ्याला वाटू दे.

काल रात्री त्याच एजंटचा मेसेज आला, रमजानचा ग्रुप निघतोय, जुन्या हाजींना पाच हजार सूट, घरच्यांना सांगा. मी उत्तरात अम्मीचा पॅन नंबर पाठवला आणि लिहिलं, टीसीएस कधी जमा करताय ते सांगा. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.