एस-नाइनचा शेजार

हॅम रेडिओ, म्हणजे छंद म्हणून स्वतःच्या रेडिओ सेटवरून जगभर बोलणं, म्हटलं की लोकांना त्या सेटच्या खोक्याचं कौतुक. अहो, खोकं दुकानात मिळतं. खरा छळ गच्चीवर असतो, आणि त्यातून तुम्हाला ऐंशी मीटर लांब लहरींच्या बँडची हौस असेल तर विचारूच नका. साडेतीन मेगाहर्ट्झला साधा डायपोल, म्हणजे दोन हात पसरलेली तारेची अँटेना, टाकायचा तर चाळीस मीटर तार लागते, आणि पुण्यातल्या आमच्या सोसायटीची गच्ची या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोजली तरी भरते चोवीस. एकशेसाठ मीटरच्या बँडला तर ऐंशी मीटर, म्हणजे दुसरं टोक चौकातल्या वडापावच्या गाडीलाच बांधायचं. बरं, नुसती लांबी असूनही भागत नाही, तार अर्धी तरंगलांबी उंच हवी, ती पण चाळीस मीटर! आमची बिल्डिंग पाच मजली. तार एवढी खाली असली की सिग्नल क्षितिजाकडे जायचा सोडून सरळ डोक्यावर जातो आणि तिथून आसपासच खाली येतो, त्यामुळे मी हाका मारायच्या ब्राझीलला आणि 'काय म्हणताय' म्हणून उत्तर यायचं सोलापूरहून.

तरी टाकली. मधला भाग पाण्याच्या टाकीवर उभ्या केलेल्या पाइपाला, दोन्ही टोकं उतरती, आणि उरलेली तार कठड्याकडेने जमेल तशी वाकवून. सेक्रेटरी काकांनी लगेच मीटिंगमध्ये विषय काढला, रेडिएशनचा. आमच्याच गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर आहे, त्याचं दरमहा भाडं येतं, म्हणून त्यातून रेडिएशन येत नाही. माझी तार भाडं देत नाही ना, म्हणून तिच्यातून येतं. दिल्लीहून आलेलं लायसन्स दाखवलं, तर ते त्यांनी उलटं करून मागेही बघितलं.

एका सकाळी एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली पॉवर परत फिरते का ते सांगणारा आकडा, दीडचा एकदम तीनच्या वर. वर जाऊन बघतो तर तारेच्या टोकावर ओली गोधडी. मी काकूंना म्हटलं, काकू, मी बोलत असताना या टोकाशी शेकड्याने व्होल्टेज असतं, हात लागला तर चटका बसेल. काकू म्हणाल्या, "मग लवकर वाळेल की."

संक्रांतीला तर तार मांज्याने कापलीच. १२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनीने न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर पतंगाला तार बांधून वर चढवली आणि पार कॉर्नवॉलहून आलेले तीन टिंब ऐकले. त्या माणसाची अँटेना पतंगाने वर नेली, माझी पतंगाने खाली आणली. असो. आणि त्याचं कौतुक आहेच, पण त्याच्या खालच्या मजल्यावर चायनीज चार्जर नव्हते.

कारण अँटेना परवडली, पण नॉइज, म्हणजे असल्या उपकरणांची रेडिओत येणारी खरखर, नको. या खालच्या बँडांचं कसं आहे, दिवसा सूर्य असेपर्यंत आकाशातला डी लेयर सगळा सिग्नल गिळून टाकतो, रात्री तो विरला की वरच्या एफ लेयरवर आपटून सिग्नल कुठच्या कुठे जातो. पावसाळ्यात विजांचा कडकडाट, कान फाटतात, शिवाय मी तेव्हा केबल काढूनच ठेवतो. म्हणजे उरला हिवाळा, तोही पहाटेचा. अलार्म लावून उठायचं, शाल गुंडाळून हेडफोन लावायचा, आणि कानात काय तर कढईत पापड तळल्यासारखा आवाज. सिग्नलचा जोर एस-वन, एस-टू असा दाखवणाऱ्या मीटरचा काटा एस-नाइनवर चिकटलेला. एकेक एस म्हणजे सहा डेसिबल, त्यामुळे एस-फाइव्हने येणारा बिचारा ब्राझीलवाला माझ्या नॉइजच्या चोवीस डेसिबल खाली गाडला गेलेला. चौदा हजार किलोमीटर तो नीट येतो हो, शेवटच्या तीस मीटरमध्ये मरतो.

घराचा मेन स्विच पाडून रेडिओ गाडीच्या बॅटरीवर लावला. (बायको अंधारातून म्हणाली, "फ्रिजमध्ये दही आहे.") नॉइज तसाच. म्हणजे चोर बाहेरचा. मग जुना ट्रान्झिस्टर घेतला, मीडियम वेव्हवर रिकाम्या जागी लावला आणि निघालो जिन्याने. त्याच्या आत फेराइटची, म्हणजे काळ्या चुंबकी पदार्थाची, कांडी असते, तिचं टोक नॉइजकडे रोखलं की आवाज पडतो, त्यावरून दिशा कळते. तर रात्री साडेअकराला मी लोकांच्या दारांसमोर ट्रान्झिस्टर कानाला लावून गोल गोल फिरतोय. वॉचमन बराच वेळ बघत होता, शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, स्कोर काय झाला?"

आवाज तिसऱ्या मजल्यावर, आजींच्या दाराशी सगळ्यात जास्त. दुसऱ्या दिवशी चहाच्या निमित्ताने आत गेलो. देवघरात गणपतीभोवती एलईडीची माळ, रस्त्यावर मिळते तसल्या अडॅप्टरवर, चोवीस तास चालू. आता आली का पंचाईत! शेजाऱ्याला टीव्ही बंद करा सांगता येतं, देव बंद करा कसं सांगणार?

मी खिशातून फेराइटची रिंग काढली, म्हटलं आजी, या वायरचे पाच-सहा वेढे हिच्यातून घेतो, माळ चालूच राहील.
"कशासाठी रे बाळा?"
"यातून जरा वाईट लहरी येतात, त्या अडतील."
आजींनी एकदम हात जोडले. "तरीच म्हटलं सूनबाई हल्ली अशी का वागते." आणि रिंगेला हळद-कुंकू वाहिलं. मी काही बोललो नाही. हल्ली आजींच्या मैत्रिणी मला जिन्यात गाठून 'ती काळी रिंग' मागतात, आणि मी आनंदाने देतो, कारण प्रत्येक रिंगेमागे एकेक चार्जर गप्प होतो.

तर काटा आला एस-फोरवर. पहाटे सूर्य उगवायच्या जरासं आधी-नंतर ग्रे लाइन म्हणून थोडा वेळ मिळतो, तेव्हा लांबचे सिग्नल एकदम वर येतात. त्या वेळात ब्राझीलवाला चक्क ऐकू आला. मी हाक मारली, त्याने मला "फाइव्ह नाइन" दिलं, म्हणजे खणखणीत ऐकू येतोय, आणि लगेच पुढे, "तुमचा कॉलसाइन परत सांगा, परत सांगा, परत सांगा." (कॉलसाइन म्हणजे लायसन्सवरचं आपलं अक्षर-आकड्यांचं नाव.) आमच्यात अशीच पद्धत आहे. मी पहिली दोन अक्षरं सांगितली आणि तेवढ्यात खर्रर्र, काटा परत नऊवर.

लिफ्ट. हिची मोटर नव्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर चालते, हलली की सगळा बँड पुसून काढते, आणि सकाळी सगळ्यात आधी तिच्यात चढतो दूधवाला. लिफ्टला काही रिंग पुरणार नाही. दूधवाल्यालाच गाठलं, म्हटलं भाऊ, थंडी संपेपर्यंत जिन्याने येशील का? त्याने कॅन खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, येतो, पण मजल्यामागे पन्नास रुपये महिना.

मी तीसवर अडलोय.