ब्लाइंड टेस्टिंगमध्ये अब्रू कशी राखावी

फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या रेड वाइनबद्दल अधिकारवाणीने बोलायला तुम्ही नुकतेच लागला असाल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुमचं सगळं ज्ञान बाटलीच्या लेबलवर छापलेलं असतं. ते लेबल दिसतंय तोवर मित्रमंडळात तुमच्याइतका जाणकार दुसरा नाही. म्हणून कोणी उत्साही मित्र म्हणाला, "शनिवारी या सगळे, सहा बोर्दो आहेत, लेबल दिसू नये म्हणून कागदात गुंडाळून चाखू," तर घरी पाहुणे येणार आहेत असं सांगून बघा. "त्यांनाही घेऊन ये" असं उत्तर आलं, की मात्र तयारीला लागा.

खरी तयारी गुंडाळण्यापासून सुरू होते. "तू बस रे, यजमानाला शंभर कामं, बाटल्या मी गुंडाळतो," म्हणत स्वयंपाकघर ताब्यात घ्या. हे जमलं तर पुढचं वाचायची गरज नाही. नाहीच जमलं, तर कागदाआडून बाटल्यांचे खांदे न्याहाळा. बोर्दोची बाटली रुंद, ताठ खांद्यांची. शातो ओ-ब्रियोंची (शातो म्हणजे द्राक्षमळ्यासकट वाइनचं घराणं) मात्र १९५८ च्या वाइनपासून वेगळ्या घडणीची, उतरत्या खांद्यांची. ती तुमच्या मित्राच्या ऐपतीत बसणार नाही, पण माहिती असलेली बरी. त्याहून कामाची वस्तू म्हणजे बूच. त्यावर बहुधा शातोचं नाव आणि साल छापलेलं असतं आणि यजमान ते हटकून ओट्यावर विसरतो. पाणी प्यायच्या निमित्ताने आत एक चक्कर टाकून या.

मित्र नुकताच परदेशातून आला असेल तर हिशेब आणखी सोपा. ड्यूटी-फ्रीमधून माणशी दोन लिटर आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि उरलेल्या अर्ध्या लिटरची हळहळ. नवरा-बायको दोघं गेले असतील तर चार बाटल्या. बाकीच्या दोन इथल्याच दुकानातल्या, १५० टक्के आयात शुल्काच्या जमान्यात घेतलेल्या, तेव्हा त्या साध्यातल्या असणार. हे सगळं एक थेंबही न चाखता कळलं, बघा.

आता ग्लास. तो तिरका धरून पांढऱ्या कागदासमोर कडेचा रंग बघा. जांभळट कड म्हणजे वाइन कोवळी, विटकरी म्हणजे वय झालेलं. डोळ्यांचा आधार असा मोलाचा असतो, म्हणून कोणी काळ्या ग्लासांची टूम काढली तर ती तिथेच हाणून पाडा. खुद्द बोर्दोच्या विद्यापीठात काय घडलं, आठवा. संशोधक फ्रेदेरिक ब्रोशे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी व्हाइट वाइनमध्ये बेचव लाल रंग मिसळला आणि ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे ठेवली. मुलांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. हे २००१ साली रीतसर छापून आलं. दुसऱ्या एका प्रयोगात त्याच ब्रोशेने एकच मध्यम बोर्दो एकदा भारी लेबलाच्या आणि एकदा साध्या टेबल वाइनच्या बाटलीतून दिली. पहिली लोकांना समतोल आणि भरीव लागली, दुसरी पातळ आणि सदोष. द्राक्षमळ्यांच्या गावात शिकणाऱ्यांची ही गत, तुम्ही तर कोथरूडचे.

पहिला घोट घेतल्यावर सगळे तुमच्याकडे बघतील. अशा वेळी किनाऱ्याबद्दल बोलावं. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या मिळून जिरोंदची खाडी होते. तिच्या डाव्या बाजूला गोट्यागोट्यांची जमीन आणि कॅबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं, तर उजवीकडे चिकणमाती, चुनखडी आणि मर्लो जातीची. तोंड तुरटपणाने आवळलं तर डावा, मऊ लागली तर उजवा, इतपत अंदाज कोणीही करतो. तुम्ही म्हणायचं, "डावा किनारा वाटतोय, पण मर्लोनं बऱ्यापैकी सांभाळून घेतलंय." डाव्या किनाऱ्याच्या बहुतेक वाइनमध्ये थोडीफार मर्लो असतेच आणि उजव्या किनाऱ्यावर तर तिचंच राज्य. कागद फाडल्यावर काहीही निघो, तुमचं निम्मं वाक्य बरोबर ठरतं, आणि लोकांना तेवढंच आठवतं.

वासांच्या बाबतीत नियम असा, की उपमा अशा वस्तूची द्यावी जी जमलेल्यांपैकी कोणीच हुंगलेली नाही. डाव्या किनाऱ्यावरच्या पोइयाक गावच्या वाइनला सिगारच्या पेटीचा वास येतो असं म्हणतात. म्हणा तुम्हीही, कोण हरकत घेणार? याउलट ढोबळी मिरचीचा उल्लेख जपून करा. तो वास खरोखर येतो, कच्च्या राहिलेल्या कॅबर्नेतल्या पायराझिन नावाच्या द्रव्यामुळे, आणि मुख्य अडचण म्हणजे तो ओळखायला भाजी निवडणारा कोणीही पुरतो.

एवढं करूनही मनात अपराधी वाटलं, तर १८५५ ची यादी आठवा. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी डाव्या किनाऱ्यावरच्या मेदॉक भागातल्या वाइनची जी पाच पायऱ्यांची प्रतवारी झाली, ती बोर्दोच्या दलालांनी केली, आणि मुख्यतः बाजारभावावरून. महाग ती वरची, स्वस्त ती खालची. वरच्या पायरीवर तेव्हा चार नावं होती. तिथे पाचवं, मुतों रोथशिल्डचं, चढायला १९७३ साल उजाडलं, तेही कृषिमंत्री जाक शिराक यांच्या सहीने. आजही बाटलीवर मिरवला जातो तो याच यादीतला मान. तेव्हा किंमत विचारून मग चव ठरवणाऱ्याला कोणी ढोंगी म्हणत असेल तर म्हणो. तो बोर्दोच्या सर्वात जुन्या आणि सर्वात यशस्वी परंपरेचा पाईक आहे. (माझं प्रामाणिक मत विचाराल तर त्या दलालांना वाइन कळत असावी. निदान आपल्याला भाव कळतो आणि तेवढं पुरतं, हे त्यांनी लपवलं नाही.)

खरा बाका प्रसंग निकालाचा. सहातली सर्वात स्वस्त बाटली पहिली येणार, हे गृहीत धरूनच चाला. त्यावर सर्वमान्य उत्तर असं: "भारी बोर्दो अजून उमललेली नाही, तिला दहा वर्षं द्यायला हवीत." हे उत्तर फ्रान्समध्ये पारखून घेतलेलं आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या वाइन-व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे झाकलेल्या वाइन ठेवल्या, आणि मुतों व ओ-ब्रियों यांच्या १९७० सालच्या वाइनना मागे टाकून कॅलिफोर्नियाची १९७३ सालची स्टॅग्ज लीप पहिली आली. तेव्हाही फ्रेंच म्हणाले, बोर्दोला वय लागतं. मग २००६ मध्ये, तीस वर्षांनी, त्याच रेड वाइन पुन्हा चाखल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या. तुमच्या मित्रमंडळाला मात्र तीस वर्षांनी हा शनिवार आठवणार नाही, म्हणून उत्तर बेधडक वापरा.

काही यजमान मुळातच खोडसाळ असतात. ते एकच वाइन दोन ग्लासांत ओततात आणि तुम्ही एकीला स्वर्गात, दुसरीला मोरीत पाठवेपर्यंत गप्प बसतात. मनाला लावून घेऊ नका. कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळाव्यातल्या स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन या वाइन बनवणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाने अनुभवी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली, आणि जेमतेम दहातल्या एकाला आपल्याच गुणांशी एकनिष्ठ राहता आलं. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, "दुसरी ग्लासात जास्त वेळ उघडी होती ना?" त्याहून खोडसाळ यजमान सहामध्ये दिंडोरीची एक बाटली घुसवतो. तिला तुम्ही पोइयाक ठरवून मोकळे झालेले असता. अशा वेळी बचाव करू नये, थेट नाशिकचा अभिमान बाळगावा आणि तो इतक्या मोठ्याने बाळगावा, की तुम्ही आधी काय म्हणाला होता ते कोणाला ऐकूच येऊ नये.

आणि गुणांचा कागद सांभाळा. १९७६ च्या त्या निकालानंतर परीक्षक ओदेत कान यांनी आपला कागद परत मागितला होता. मिळाला नाही. म्हणून गुण पेन्सिलने लिहा, सही करू नका, आणि बेरीज करायचं काम "माझं गणित बरं आहे" म्हणत आधीच स्वतःकडे घ्या.