जमेची बाजू

‘चांगल्याकडे बघा’ हे वाक्य ख्रिस्ती घरांत इतक्या सहज फेकलं जातं की ऐकणाऱ्याला चीडच यावी. आधार म्हणून लगेच बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र ४:८ (अध्याय ४, वचन ८) पुढे केलं जातं. जे काही सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, प्रशंसनीय, श्रवणीय, जो काही सद्गुण, जी काही स्तुती, त्यांचं मनन करा. कॅलेंडरवर छान दिसतं. पण हे पत्र प्रेषित पौलाने बेड्यांत असताना लिहिलंय. आणि सहाच वचनं आधी, ४:२ मध्ये, तो युवदीया आणि सुंतुखे या तिथल्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) दोघींना एकचित्त होण्यासाठी विनवतोय. म्हणजे तिथेही वाजलेलं होतंच. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून पेटलंय, अशा दिवशी वाचायचं वचन आहे हे.

‘मनन करा’च्या जागी मूळ ग्रीकमध्ये ‘लोगिझोमाय’ हे क्रियापद आहे. मोजणं, हिशेबात धरणं, वहीखात्यातला शब्द. करिंथकरांस पहिल्या पत्रात, १३:५ मध्ये, प्रीतीबद्दल लिहिताना पौल हेच क्रियापद वापरतो. मराठीत तिथे प्रीती ‘अपकार स्मरत नाही’ असं येतं, मूळ भाव मात्र ‘वाईट खात्यावर मांडून ठेवत नाही’ असा. दोन्ही वचनं शेजारी ठेवून बघा. आपली वही नेमकी उलटी असते. नणंद २०१२ साली काय बोलली ते तारखेसकट, आणि काल आपली चालू राहिलेली पाण्याची मोटर शेजारणीने आठवणीने बंद केली ती नोंदच नाही.

म्हणून माझं मत असं की हा मूडचा प्रश्नच नाही. रोजकीर्द लिहायची सवय आहे, आणि ती लावून घ्यावी लागते.

पद्धत नवी शोधायची गरज नाही. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ १५४८ साली छापल्या गेल्या, त्यात रोजच्या विवेकतपासणीचे पाच टप्पे आहेत. आधी आभार, मग स्वतःचे दोष ओळखण्यासाठी कृपा मागणं, मग उठल्यापासून तासातासाचा हिशेब (आधी विचार, मग शब्द, मग कृती), मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. शेवटी प्रभूची प्रार्थना. प्रोटेस्टंट मंडळींनी कॅथलिक म्हणून बिचकू नये, यातलं सगळं शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, बसतं. पंधरा मिनिटं धरा. चार आभाराला, एक कृपेला, सहा हिशेबाला, दोन-दोन उरलेल्यांना. क्रम बदलू नका. दोषांपासून सुरुवात केली की मन सरकारी वकील होतं आणि आभाराची पाळी येईपर्यंत झोप लागलेली असते. झोपेवरून आठवलं, हे गादीवर पडून करू नये. खुर्चीत बसा, आणि रात्रीच्या जेवणाआधी जमलं तर उत्तम.

एखादा दोष चिकटच असेल, समजा मुलांवर ओरडणं, तर त्यासाठी त्याच पुस्तकात वेगळी तपासणी आहे. आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या आखायच्या, दुपारी आणि रात्री, जितक्यांदा चूक झाली तितकी टिंबं मोजून द्यायची. दुपारच्या रेघेची रात्रीच्या रेघेशी तुलना, आजची कालच्याशी. एका वेळी एकच दोष. तीन धरले की चौथ्या दिवशी वही कपाटात जाते.

ज्यांना वहीला वेळ नाही त्यांच्यासाठी ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल. पौलाच्या यादीत आठ गोष्टी आहेत आणि ठाण्याहून वाशीला जाताना आठ स्टेशनं येतात. दिघा गावला सत्य, ऐरोलीला आदरणीय, रबाळ्याला न्याय्य, घणसोलीला शुद्ध, कोपरखैरण्याला प्रशंसनीय, तुर्भ्याला श्रवणीय, सानपाड्याला सद्गुण, वाशीला स्तुती. नेरूळची गाडी मिळाली तर तुर्भ्यानंतर जुईनगर आणि नेरूळ, तरी आठच. (पौलाचा यात काही हात नाही.) प्रत्येक स्टेशनाला आदल्या दिवसातली त्या जातीची एक घटना आठवायची. गर्दीत हात वर अडकलेला असला तरी जमतं.

फसतं कुठे, तर ढोबळपणात. ‘घर, आरोग्य, नोकरी’ ही नोंद नव्हे, ती तर फॉर्मवरची माहिती झाली. नाव, जागा, वेळ हवी. रिक्षावाल्याने सुटे वीस रुपये मागे धावत येऊन दिले, ही न्याय्यमधली नोंद. आठांतला एखादा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. ओढूनताणून भरलेला रकाना पहिल्याच अटीत, म्हणजे सत्यात, नापास होतो.

आणि सत्य यादीत पहिलं आहे, न्याय्य तिसरं, हे चर्चच्या कमिट्यांनी जरा मनावर घ्यावं. जमाखर्च मागणाऱ्याला ‘नकारात्मक बोलू नका’ म्हणून गप्प करणं हा या वचनाचा सर्रास होणारा गैरवापर आहे. हिशेबाच्या शब्दावर उभं असलेलं वचन हिशेब टाळायला वापरायचं म्हणजे कमाल झाली. ‘श्रवणीय’चा उपयोग वेगळा, तो चुगलीसाठी. ज्याच्याबद्दल बोलतोय तो दारात उभा असता तर हेच, याच शब्दांत बोललो असतो का? तक्रार असेल तर थेट त्या माणसाकडे जा, मत्तयाच्या शुभवर्तमानातलं १८:१५ तेच सांगतं.

दुःखाच्या घरी मात्र ही वही उघडूच नका. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं विलापाची आहेत. १३व्या स्तोत्रात दावीद राजा देवालाच विचारतो, कुठवर विसरणार मला? तिथे सहा वचनांत सूर पालटतो तरी, ८८वं तर अंधारावरच संपतं आणि शास्त्राने ते तसंच ठेवलंय. तरी आपण चौथ्याच दिवशी ‘देवाची काहीतरी योजना असेल’ म्हणून मोकळे होतो. त्या घरी जाऊन नुसतं बसा, जेवणाचा डबा न्या. तिसऱ्या आठवड्यातही न्या, पहिल्या आठवड्यात सगळेच नेतात.