दूध पुरते ना?

माणसाने समुद्राची खोली मोजली, ताऱ्यांची अंतरे मोजली आणि पृथ्वीचे वजनही काढले; परंतु तान्ह्या बाळाच्या पोटात अंगावरचे दूध नेमके किती गेले, हे पाहून सांगण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. बाटलीवर मिलिलिटरच्या रेघा असतात, आईच्या अंगावर नसतात. बाळंतपणानंतरच्या माझ्या सगळ्या छळाचे मूळ या एका उणिवेत आहे, कारण जी गोष्ट मोजता येत नाही ती कोणालाही विचारता येते, आणि ती सर्वांनी विचारली.

"दूध पुरते ना?" हा प्रश्न विचारण्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही, बाळंतपणाचा अनुभव लागत नाही, दारातून पुरते आत येण्याचीही गरज पडत नाही. सासूबाई तो काळजीने विचारत, आत्याबाई संशयाने विचारत आणि माझी आई फोनवर आवाज उतरवून विचारी. यजमानांच्या एका काकांनी स्वतःच्या मुलांपैकी एकालाही कधी कडेवर घेतल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते, तेसुद्धा छताकडे पाहत "पुरते ना सगळे?" अशी मोघम चौकशी करीत, कारण सुनेसमोर ‘दूध’ हा शब्द उच्चारण्याचा त्यांना संकोच वाटे. चहात मात्र तोच जिन्नस ते मोकळेपणाने मागून घेत.

पहिल्या दोन-तीन दिवसांत या प्रश्नाला विशेष धार असते, कारण तेव्हा जे येते ते दूध नसून चीक असतो: पिवळसर, दाट आणि थेंबाथेंबाने येणारा. रोगप्रतिकारक द्रव्यांनी तो इतका भरलेला असतो की त्याला बाळाची पहिली लस म्हणतात, आणि जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला छातीशी धरावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नवजात बाळाचे पोटही तेवढेच चिमुकले असल्यामुळे हिशेब बरोबर जुळतो. जुळत नाही तो पाहणाऱ्यांचा. त्यातच पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते. सात-आठ टक्क्यांपर्यंतची ही घट बहुधा नेहमीची असते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघते, हे परिचारिकेने आम्हा सर्वांना एकत्र उभे करून सांगितले होते. त्यातले ‘वजन उतरते’ एवढे सर्वांनी ऐकले.

बाळ रडले की निकाल लागे: भूक. वास्तविक रडणे हे भुकेचे शेवटचे लक्षण असते. त्याआधी बाळ तोंड उघडते, मान वळवून शोधते, मूठ चोखते, म्हणजे सभ्यपणे बराच वेळ विनंती करून पाहते. शिवाय लंगोट ओला झाला म्हणून, उकडले म्हणून, वारा पोटात अडकला म्हणून आणि काकांनी उचलले म्हणूनही ते रडू शकते. परंतु इतर कारणांत आईचा दोष निघत नसल्यामुळे ती कोणाला पटत नाहीत.

नव्या बाळाला 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजावे, असे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. शोधणे, पाजणे, ढेकर काढणे आणि ढेकरेबरोबर आलेले पुसणे मिळून एका वेळेचा पाऊण तास धरला, तर बारा वेळांचे नऊ तास होतात. एवढ्या तासांच्या कामाला जगात नोकरी म्हणतात, आणि नोकरीत रात्रपाळीचा वेगळा भत्ता असतो. त्यातून पुष्कळ बाळे संध्याकाळी थोड्या थोड्या वेळाने सारखी पीत राहतात. हे अगदी स्वाभाविक आहे. पण पाहुण्यांच्या येण्याचीही नेमकी तीच वेळ असते. ते बसतात तेवढ्या वेळात बाळ तीनदा छातीशी जाते, मग ते एकमेकांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहतात, आणि जाताना प्रश्न न विचारता नुसता सुस्कारा सोडतात, जो प्रश्नापेक्षा वाईट असतो.

या प्रश्नातली खरी मेख मला शरीराचा कारभार समजून घेतल्यावर कळली. बाळ चोखू लागले की आईच्या शरीरात दोन संप्रेरके कामाला लागतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करते आणि ऑक्सिटोसिन ते वाहते करते, म्हणजे पान्हा फोडते. जितके दूध ओढून घेतले जाईल तितके नवे तयार होते, आणि साठून राहिले तर शरीर उत्पादन आवरते घेते. यात ऑक्सिटोसिन फार मानी आहे. वेदना, काळजी, लाज किंवा दारात उभे राहून टक लावून पाहणारी आत्या यांपैकी काहीही असले, तर ते येण्याचे लांबवते. गाय पान्हा चोरते असे आपण म्हणतो. बाईने चोरला तर मात्र तिच्यात दूधच नाही, असा निष्कर्ष निघतो. मग कोणीतरी प्रेमाने वरचे दूध सुचवते, बाळ त्याने पोट भरून झोपते, छातीशी कमी येते, कमी ओढते, आणि शरीर त्या मानाने दूध कमी करते. आठवड्याभराने पुन्हा "दूध पुरते ना?" असे विचारले, की या वेळी ते खरोखर पुरत नसते. स्वतःचे उत्तर स्वतःच घडवून आणणारा इतका कार्यक्षम प्रश्न मी दुसरा पाहिलेला नाही.

बाळाला छातीशी लावण्याची पद्धत हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तोंड मोठे उघडलेले हवे, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, हनुवटी छातीला टेकलेली हवी, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बाळाच्या ओठांच्या खालच्यापेक्षा वरच्या बाजूला अधिक दिसायला हवा. आता हा खालचा भाग आईला स्वतःला दिसत नाही, हे ज्याने नियम केला त्याच्या ध्यानात आले नसावे. स्तनाग्रांना भेगा पडल्यावर स्तनपान सल्लागार बाई आल्या, त्यांनी बाळाचे पोट माझ्या पोटाला लागेल असे त्याला किंचित फिरवले, आणि दात आवळून रात्री काढणारी मी प्रथमच खांदे सैल सोडून बसले. सल्ला देणाऱ्या माणसांच्या एवढ्या गर्दीत पाहून सल्ला देणारी ती पहिलीच व्यक्ती होती.

पुढे दूध काढण्याचे यंत्र घरात आले आणि निदान आता तरी रेघा मिळतील, अशी मला आशा वाटली. यंत्राने तळाशी थोडेसे दूध जमवले आणि सर्वांनी ती बाटली उजेडात धरून पाहिली. नीट लागलेले बाळ यंत्रापेक्षा पुष्कळदा अधिक दूध ओढते, म्हणून यंत्रात कमी आले याचा अर्थ अंगात कमी आहे असा होत नाही, हे मी समजावून सांगितले; परंतु पुरावा उजेडात धरलेला असताना आरोपीचे कोण ऐकतो?

रेघांवरचा माझा विश्वास शेजारच्या बाईंमुळे पूर्ण उडाला. औषधोपचारांमुळे त्यांना अंगावर पाजणे शक्य नव्हते आणि बाळ भुकटीच्या दुधावर होते. अशा भुकटीचा इतिहास जुना आहे. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1860 च्या दशकात तान्ह्यांसाठी असे अन्न तयार केले, आणि पुढे त्याची जाहिरात इतकी माजली की 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेला तिच्यासाठी आचारसंहिता करावी लागली. ती संहिता विक्रेत्यांसाठी आहे, आयांना टोचण्यासाठी नाही, हे पाहुण्यांना कोणी कळवलेले दिसत नाही. शेजारच्या बाई मध्यरात्री उठत, उकळून थोडे निवलेले, पण 70 अंश सेल्सियसच्या खाली न गेलेले पाणी घेत, कारण भुकटी निर्जंतुक नसते आणि त्या उष्णतेने तिच्यातले जंतू मरतात. मग माप सपाट करीत, मिसळत, गार करीत आणि उरलेले निमूटपणे ओतून देत. इतक्या काटेकोर बाईला लोक विचारत, "अंगावर का पाजत नाही?" बाळाने बाटलीत रेघेपेक्षा चार घोट जास्त ठेवले, की त्यांच्याकडे दुपारभर सुतक असे. म्हणजे मला रेघा नसल्याचा ताप होता, त्यांना असल्याचा.

दूध पुरते की नाही, याचे विश्वसनीय उत्तर बाळाच्या दुसऱ्या टोकाला मिळते. पाचव्या दिवसानंतर दिवसाकाठी सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, वजन आलेखावर चढत असेल आणि जागे असताना बाळ तरतरीत असेल, तर ते पुरते. हे समजल्यावर मी लंगोटांची वही घातली आणि कोणी प्रश्न विचारला की ती पुढे सरकवू लागले. काकांनी एकदा ती उघडली, दोन पाने वाचली आणि त्यानंतर त्यांनी माझी काहीही विचारपूस करण्याचे सोडून दिले.

या साऱ्या लेखापरीक्षणात एक रकाना कोणी काढला नव्हता. स्तनपानाने गर्भाशय आकुंचन पावून लवकर पूर्ववत होते, स्तनांच्या आणि बीजकोशांच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, ही आईच्या पदरात पडणारी कमाई खरी आहे. पण दूध तयार करायला दिवसाला साधारण 500 उष्मांक जादा लागतात, झोपेचे तुकडे होतात, छातीत गाठ धरून ताप येऊ शकतो, आणि रडू येण्याचे दिवस दोन आठवड्यांनंतरही सरले नाहीत तर ते डॉक्टरांना सांगायचे असते. मी मात्र माझ्याच घरात दुधाचा पुरवठा या विभागाचे नाव होऊन राहिले होते.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी बाळाकडे न पाहता विचारले, "तुमचे कसे काय?" मी सवयीने उत्तर दिले, "दिवसाला सहाच्या वर लंगोट ओले होतात." त्या हसल्या, त्यांची परिचारिका हसली, आणि मग मलाही खदखदून हसू आले, आणि प्रसूतीनंतर इतक्या लवकर पोट धरून हसले की काय होते, हे इतक्या सल्लागारांपैकी एकानेही मला सांगितलेले नव्हते.